परत आलेलं माणिक

पुण्याहून परत आलेला डबा तीन दिवस टेबलावर तसाच पडून होता, अन् तीन दिवस घरात कोणी त्याचं नाव काढलं नाही. सिंधूआत्या रोज सकाळी टेबल पुसे, पण फडकं डब्याच्या चारी बाजूनं फिरवे, डब्याले हात नाही लावे. आबाजी त्याच टेबलापाशी बसून चहा पीत अन् असे वागत जसा तिथं डबा नाहीच. मंग रविवारी सकाळी साडेनवालेच दीप्तीचे मोठेबाबा आले, केशव, आबाजीचे मोठे चिरंजीव, मनीषनगरातून, स्वतःची गाडी घेऊन. डबा परत आल्याचं त्यांले फोनवर समजलं होतं. चप्पल काढायच्या आधीच म्हणते कसे, "कोणता दगड? काढा बाहेर."

मोठेबाबा सणावाराले पण दुपारी येणार अन् चहा झाला की निघणार, अशातला माणूस. तो रविवारी साडेनवाले दारात!

डबा तिच्या पप्पानं फोडला. संघपाल, घरातला लहाना. हप्ताभर कळमन्याच्या बाजारात धान्याच्या काट्यावर उभा राहणार, अन् वर्षातून दोनदा कर्नाटकात जाऊन दगड घेऊन येणार. कापूस बाजूले केला अन् माणिक बाहेर आलं. चांगल्या लिंबाएवढं, मधात फुगलेलं, पिंपासारखं, सहा बाजूचं. रंग म्हणाल तर जुन्या विटेवर कोणी जांभूळ चिरडावं तसा. अंगठीवाले असा दगड फुकट दिला तरी घेणार नाही, आरपार दिसत नाही, घासला तर चुरा. पण दगड जमवणाऱ्या लोकांले घासलेला नकोच असते ना. त्यांले पाहिजे जमिनीत जसा जन्मला तसा. सहाच्या सहा बाजू, तळावरचे बारीक त्रिकोण, अंगाले चिकटलेला अभ्रक पण. अन् त्याच्यासोबत पाहिजे चिठ्ठी.

अन् चिठ्ठी म्हणजे धोंडबाची, म्हणजे आबाजीची चिठ्ठी. आबाजीनं तीस वर्षं सरकारी भूगर्भ खात्यात साहेब लोकांच्या दगडांच्या गोण्या वाहिल्या, अन् वाहता वाहता साहेबांपेक्षा जास्त शिकले. नोकरीत असतानाच इंदोऱ्यातल्या याच घरात, उत्तरेच्या खिडकीजवळ, हे टेबल मांडलं. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं की एका कोपऱ्याले टवका आहे, तर टवका एकच, दुसरा शोधायचा नाही. लिहिलं की अखंड, जोड नाही, तर जोड नाही. लोक भिंग पण नाही लावत.

"वाच," मोठेबाबानं डब्यातला कागद दीप्तीकडे केला. "मी चष्मा विसरलो."

पत्र पुण्याच्या डॉक्टरांचं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. दीप्तीनं वाचलं.

"'धोंडबाजी, तुमच्या चिठ्ठीची मी आजवर कधी खातरजमा केली नाही. या वेळी नातवाने अतिनील किरणांचा जांभळा दिवा आणला म्हणून गंमत म्हणून लावून पाहिला. माणिक निखाऱ्यासारखे लाल पेटले, आणि त्याच्या बरोबर मधून दुधी-निळी रेघ उमटली. दोन तुकडे डिंकाने जोडलेले आहेत, वरून अभ्रकाची पूड चोळली आहे. चिठ्ठीत मात्र अखंड, जोड नाही. मला पैसे परत नकोत. एवढेच कळवा की हा दगड पाहिला कोणी? आणि गेल्या वर्ष-दीड वर्षात तुमच्याकडून घेतलेल्या अकरा दगडांबद्दल मी आता काय समजू? पंधरा दिवसांत कळले नाही तर इतर मंडळींना सांगणे मला भाग आहे.'"

आत्यानं कप उचलले अन् ठेवायले कुठे जागा नाही म्हणून तसेच हातात धरून उभी राहिली.

"झालं?" मोठेबाबा म्हणाले. "आता बोला. संघपाल, तू आणला ना हा?"

"आणला मी. मंग?"

"मंग तुले दिसलं नाही?"

"दादा, मी गोणीच्या भावानं आणतो. शंभर दगड आणले की त्यातले वीस लबाड राहतेच. निवडणं माझं काम आहे का? निवडणं या टेबलाचं काम आहे. मी जर भिंग लावून बसलो असतो तर काट्यावर काहून उभा राहिलो असतो?"

"म्हणजे बाबाची चूक."

"मी असं कुठं म्हटलं?"

"मंग कोणाची गा? टेबलाची?"

दीप्तीनं आबाजीकडे पाहिलं. ते खुर्चीत ताठ बसले होते, पांढरा सदरा, दाढी गुळगुळीत, दोन्ही हात टेबलावर. तोंडावर काहीच नाही. ज्यांच्याबद्दल हे सारं चालू होतं ते जसे बाजूच्या घरात होते.

"हे पहा," मोठेबाबाचा आवाज एकदम मऊ झाला, अन् दीप्तीले त्याचाच जास्त भेव वाटला, "बाबा, ऐंशी झाले तुमचे. माणूस चुकते. मी तर तीन वर्षं झाले म्हणून राहिलो, माझ्याकडे चला, लिफ्ट आहे, बालकनी आहे. हे टेबल बंद करा. डॉक्टरांले लिहून टाकू की म्हातारा माणूस, झाली चूक, माफी असावी. वीस वर्षांचा संबंध आहे, समजून घेईन तो."

"माफी," आबाजी तेवढंच बोलले.

"हाव, माफी. काय बिघडते?"

"दीड वर्षाचे अकरा दगड त्याच्याकडे हाये. बाकीच्यांकडे किती असन? साऱ्यांले माफी मागायची? म्हणजे चाळीस वर्षाच्या साऱ्या चिठ्ठ्या खोट्या झाल्या. कोणी कोणती खरी मानन?"

खरंच होतं ते. दीप्तीले एकदम समजलं, इथं एका दगडाचा प्रश्नच नव्हता. धोंडबाची नजर गेली असं एकदा बाहेर गेलं की जिथं जिथं त्यांची चिठ्ठी होती, तिथं तिथं ती कागदाचा तुकडा होणार होती.

अन् तेवढ्यात आत्यानं कप खाली ठेवले.

"बाबाची चूक नाही हाये," ती म्हणाली. "माझी हाये."

"तुझी कशी?"

"बाबानं सांगितलं होतं, जोड हाये. मी लिहिलं, जोड नाही. लक्ष नव्हतं माझं. कुकरच्या शिट्ट्या मोजून राहिली होती."

हे कसं होऊ शकते ते सांगायले पाहिजे, नाही तर तुम्ही म्हणाल, दगड समोर असताना कोणी उलटं कसं लिहीन. तर आबाजीचा एक नियम होता, अन् तो या टेबलाइतकाच जुना. जो पाहीन तो लिहिणार नाही, अन् जो लिहीन तो पाहणार नाही. आबाजी म्हणत, पाहणाऱ्याच्या हातात पेन दिला की त्याले दगडाची माया येते, मंग टवक्याचा खरचटा होते, अन् तड्याची रेघ होते. अन् लिहिणाऱ्यानं दगड पाहिला की तो बोलणाऱ्याच्या तोंडात आपले शब्द टाकते. म्हणून बोलणारा खिडकीकडे तोंड करून, अन् लिहिणारी स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. आत्या चोवीस वर्षांची असताना, नवऱ्याच्या घरून पेटी घेऊन परत आली, तेव्हापासून त्या स्टुलावर बसून होती. भिंतीवरचा रंग चार वेळा बदलला. पण चिठ्ठी पुरी होईपर्यंत तिनं एकदाही मागं वळून दगड पाहिला नाही.

"कुकरच्या शिट्ट्या!" मोठेबाबा उठूनच उभे राहिले. "सत्तावीस वर्षं झाले तुले इथं, सिंधू, अन् कुकरच्या शिट्ट्या? तुले आठवते का, या स्टुलावर पहिले मी बसत होतो? चौदा वर्षांचा होतो. एकदा मान वळवली, एकदाच, तर बाबानं कान धरून उठवलं. म्हणे, तू या कामाचा नाही. साऱ्या घरासमोर! मी दगड पाहिला म्हणून गेलो, अन् तू ऐकलंच नाही, तरी बसून आहे?"

"आता उठवा मंग."

"उठवतोच! डॉक्टरांले लिहू, चूक लिहिणारीची होती, तिले काढलं. तिचं नाव टाकू. बाबाच्या नावाले धक्का नाही. काय बे संघपाल?"

दीप्ती पप्पाकडे पाहत होती. पप्पा नाही म्हणन, तिले वाटलं. कालपर्यंत तर आत्याच्या हातचं खाल्ल्याशिवाय कळमन्याले जात नव्हता. पण पप्पानं डोकं खाजवलं अन् म्हणाला, "तसं... म्हणजे बाबाचं नाव वाचते. अन् सिंधूताई स्वतःच म्हणून राहिली ना."

वा रे वा! पाच मिनिटाआधी एकमेकांवर गुरगुरणारे दोघं भाऊ एकाएकी एका बाजूले. अन् आत्या मान हलवून राहिली, हाव, हाव, टाका माझं नाव, जसं कोणी तिले शेजारच्या लग्नाले चाल म्हटलं.

"सिंधूताई काय करन मंग?" पप्पानं विचारलं, तेही आत्याले नाही, मोठेबाबाले.

"राहीन ना घरात. कोणी हाकलून राहिलं का? फक्त टेबलाजवळ यायचं नाही."

आबाजी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसले.

दीप्ती वाट पाहत राहिली. आता बोलन. आता म्हणन, नाही गा, मी सांगितलं नव्हतं जोड हाये म्हणून. आत्यानं हात पदरात घातले. आबाजीनं घसा साफ केला. अन् आबाजी म्हणाले, "चहा होईन का अजून?"

बस. तिथंच काहीतरी झालं तिच्या आत.

काहून की दीप्तीले माहीत होतं. आठ दिवसांपासून माहीत होतं, पुण्याचा डबा यायच्या आधीपासून. ती चहा घेऊन आली होती, आत्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड, अन् आबाजी खिडकीजवळ, एका हातात दगड, दुसऱ्या हातानं डोळ्याले भिंग लावलेलं. "तळावर त्रिकोण, चार-पाच, एक मोठा," आबाजी बोलत होते, अन् अंगठा तळावरून फिरत होता, हळूहळू, जसं लहान लेकराच्या टाळूवरून फिरवावा. अन् डोळ्याले लावलेलं भिंग मिटलेलं होतं. लोखंडी कव्हरात, काच आत. ते कव्हराच्या आरपार पाहत होते.

तिनं कप ठेवला अन् बाहेर आली. मंग तिले एकेक गोष्ट दिसायले लागली. ते ओट्यापासून दारापर्यंत चालता चालता ओठ हलवते, म्हणजे पावलं मोजते. ताटात भाजी कुठं आहे ते आत्या बोलता बोलता सांगते, "वांगं गरम हाये बाबा, तुमच्या अंगठ्याकडे." अन् आत्या काय सांगते, काहून सांगते, हे सारं आठ दिवस दीप्तीच्या डोक्यात घोंगावत होतं. कॉलेजात तिनं भूगर्भशास्त्र केलं होतं, जांभळा दिवा तिच्या बॅगेतच होता, विकायच्या दगडांचे फोटो तीच काढे. पण चिठ्ठी झाल्यावर दिवा कशाले लावायचा? आबाजीनं म्हटलं ना, जोड नाही.

"चहा नंतर," दीप्ती म्हणाली. सारे तिच्याकडे पाहायले लागले. "मोठेबाबा, असं करू. आबाजी हा दगड परत एकदा बोलन. आत्या परत लिहीन. मंग समजन, चूक बोलण्यात होती का लिहिण्यात."

"काही गरज नाही," आत्या एकदम म्हणाली.

"काहून गरज नाही? होऊन जाऊ दे," मोठेबाबा म्हणाले. "पोट्टी बरोबर बोलून राहिली."

"केशवदादा, बाबा थकले हाये."

"थकलो नाही मी," आबाजी म्हणाले. अन् त्यांनी हात पुढे केला, तळवा वर करून. "पुसून आण वं दीप्ती."

दगड पुसूनच द्यायचा, स्पिरिटच्या कापसानं, हे पण नियमातच. दीप्ती माणिक घेऊन कपाटाकडे गेली. कपाटाच्या खालच्या खणात घरचे दगड होते, जे विकायचे नाही. आबाजीनं नोकरीत असताना भंडाऱ्याकडून आणलेले. त्यात एक राखाडी होता, सहा बाजूचा, पिंपासारखा, लिंबाएवढा. कुरुंदच. माणिक म्हणजे तरी काय, कुरुंदच की, फक्त लाल. तोच जडपणा, तोच गारवा, तसेच तळावरचे त्रिकोण. बोटाले दोघांत फरक नाही सांगता येत, कोणाच्याच बोटाले. फरक फक्त रंगाचा.

अजूनही माणिकच नेता आलं असतं.

तिनं राखाडी दगड पुसला अन् टेबलाशी आली. पप्पानं पाहिलं अन् त्याचं तोंड उघडलं. दीप्तीनं त्याच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. मोठेबाबा अजून खुर्ची ओढत होते. आत्या स्टुलावर बसली होती, भिंतीकडे तोंड, मांडीवर पाटी, पाटीवर कागद. आबाजीच्या तळव्यावर दीप्तीनं दगड ठेवला.

आबाजीनं तो तोलला. एकदम दुसराच माणूस झाले ते. पाठ सरळ, हनुवटी वर, आवाज भरदार.

"लिही. रूप. पिंपासारखा, मधात फुगीर, दोन्हीकडे निमुळता. सहा बाजू. पाच साफ, सहाव्या बाजूचा खालचा भाग खरबडीत, तिथं मूळ खडकाचा अंश हाये." अंगठा फिरत होता. "माप. अडोतीस, एकतीस, बावीस मिलिमीटर. वजन सत्तर, बहात्तर ग्रॅम. लिहिलं?"

"लिहिलं."

"अंग. बाजूवर आडव्या पायऱ्या, वरून खाली बारीक होत जाते. तळ सपाट. त्रिकोण सहा, एकात एक दोन. अभ्रक एका बाजूले, नखानं निघते." खिशातून त्यांनी भिंग काढलं, डोळ्याले लावलं. मिटलेलंच. या वेळी ते साऱ्यांनी पाहिलं. "दोष. वरच्या कडेले टवका, तांदळाएवढा. तडा नाही. जोड..." ते थांबले. अंगठ्याचं नख सावकाश दगडाभोवती फिरलं, एक फेरा, दोन फेरे. "जोड नाही."

रंग सगळ्यांत शेवटी. आबाजी म्हणत, रंग पहिले बोलला की बाकीचं सारं त्याच्यामागं घसरत जाते.

उत्तरेचा उजेड सरळ त्यांच्या हातावर पडला होता. दगड सिमेंटसारखा राखाडी, लपायले कुठं जागाच नाही.

"रंग," आबाजी म्हणाले. "लाल. गर्द लाल. कडेले जांभळी झाक."

आत्याचा पेन कागदावर चालत होता, तेवढाच आवाज. मोठेबाबा अर्धे उठलेले तसेच राहिले. इतक्या वर्षांचा राग होता त्यांच्याजवळ, अन् आता तो कुठं ठेवावा ते त्यांले समजून नाही राहिलं, असं तोंड झालं होतं त्यांचं. पप्पा जमिनीकडे पाहत होता.

"पुढे?" आत्यानं विचारलं, न वळता. "पुढे काय लिहू बाबा?"

मोठेबाबा हळूहळू परत खुर्चीत टेकले.

"काहून सारे चूप झाले?" आबाजीनं मान इकडेतिकडे केली. "केशव? संघपाल?"

मंग त्यांचा अंगठा थांबला. परत तळाकडे गेला, त्रिकोणावर. एकात एक दोन. त्यांनी तो त्रिकोण परत चाचपला, अन् दीप्तीले दिसलं, आठवून राहिले. भंडाऱ्याकडचं शेत, चाळीस-पंचेचाळीस वर्षांआधीचं, कुठून उचलला, कोणत्या दिवशी, सारं.

"कोणता दिला वं तू मले?"

"भंडाऱ्याचा," दीप्ती म्हणाली.

"तो राखाडी."

"हाव."

तेव्हा आत्या वळली. पाटी मांडीवरून खाली पडली. तिनं आबाजीच्या हातातला दगड पाहिला, मंग दीप्तीले पाहिलं, अन् अशा नजरेनं पाहिलं की दीप्तीले वाटलं आता मारते. पण आत्या मारून नाही राहिली. "काय केलं वं तू हे?" एवढंच म्हणाली.

"तुले माहीत होतं?" मोठेबाबानं तिले विचारलं. "सिंधू! तुले माहीत होतं?"

"दीड वर्ष."

"डोळ्याच्या डॉक्टरले दाखवलं?"

"सदर भागातल्या डॉक्टरले दाखवलं मीच," आबाजी म्हणाले. "एकटाच गेलतो, तेव्हा थोडं दिसे. डोळ्यातला पडदा गेला म्हणे. येत नाही परत. हिले मी सांगितलं नव्हतं."

"सांगायले कशाले पाहिजे," आत्या म्हणाली. "बापाले दिसत नाही हे पोरीले सांगावं लागते का?"

"अन् तू दीड वर्ष भिंतीकडे तोंड करून लिहीत राहिली?" मोठेबाबाचा आवाज चिरकला. "एकदा वळून पाहिलं असतं! बाबा जोड नाही म्हणते, तू गुपचूप मान वळवून पाहिलं असतं, तर आज हे झालं असतं का? तुले कोण कान धरून उठवणार होतं आता? आंधळा?"

"दादा!" पप्पा ओरडला.

"मी वळली असती," आत्या म्हणाली, "तर बाबाले स्टुलाचा आवाज आला असता. मंग त्यांले समजलं असतं की मले माहीत हाये. मंग ते दुसऱ्या दिवशी टेबलावर बसले नसते." तिनं पाटी उचलली, कागदावरची धूळ झटकली. "अन् मी बोलली होती ना माझी चूक! माझं नाव गेलं असतं तर काय गेलं असतं? कोण ओळखते मले? पुण्याच्या डॉक्टरले माहीत पण नाही की कोणी सिंधू लिहिते म्हणून."

दीप्ती म्हणाली, "आत्या, मी तुझ्यासाठी..."

"मी सांगितलं होतं का तुले?"

दीप्ती एक पाऊल मागं सरकली.

आबाजीनं दगड टेबलावर ठेवला. ठेवायच्या आधी डाव्या हातानं टेबलाची कड शोधली, अन् या वेळी ते लपवलं नाही. "दीप्ती, लिही," ते म्हणाले.

"मी?"

"तूच. सिंधूचा हात हलून राहिला, कागदाचा आवाज येते मले. लिही. डॉक्टरसाहेबांले नमस्कार. दगड पाहिला तो धोंडबानं. धोंडबाले दीड वर्षापासून दिसत नाही, अन् त्यानं हे कोणाले सांगितलं नाही. लिहिणारीची चूक नाही. दीड वर्षातले अकराच्या अकरा दगड परत पाठवा. बाकी मंडळींले तुम्हीच कळवा, माझं नाव घेऊन कळवा."

"बाबा, असं सरळसरळ?" पप्पा म्हणाला.

"कसं लिहायचं मंग? टवक्याले खरचटा म्हणायचं?"

दीप्तीनं लिहिलं. एका जागी शाई फिसकटली, तिनं तसंच राहू दिलं. खाली सही करायले तिनं त्यांचं बोट कागदावर आणून ठेवलं. आबाजीनं सही केली, मोठी, तिरपी, अर्धी रेघेच्या बाहेर.

"केशव," ते मंग म्हणाले, "बालकनी म्हणत होता ना तू?"

मोठेबाबाले हेच पाहिजे होतं तीन वर्षांपासून. पण ते हाव पण नाही म्हणू शकले, नुसती मान हलवली. मंग ध्यानात आलं की मान हलवून काही उपयोग नाही, अन् म्हणाले, "हाव बाबा. चला."

कपडे भरायले आत्या गेली. तिनं दोन सदरे, दोन धोतरं, दाढीचं सामान, गोळ्यांचा डबा, सारं पिशवीत घातलं, अन् एकदाही डोळे पुसले नाही. दीप्ती मदत करायले गेली तर तिच्या हातातून टॉवेल काढून घेतला. ओढून नाही, नुसता काढून घेतला.

अन् सांगू का, सगळ्यांत वाईट काय होतं? कालपर्यंत आबाजी या घरात बिनधास्त चालत. न्हाणीपासून ओटा, ओट्यापासून दार, कोणाच्या बापाले समजलं नसतं की माणसाले दिसत नाही. पण आता सगळ्यांले माहीत झालं होतं, अन् आता त्यांले दाराची चौकटच सापडेना. एकदा खुर्चीले पाय लागला. एकदा कपाटाले खांदा. दारापुढच्या दोन पायऱ्या त्यांनी या घरात पन्नास वर्षं उतरल्या होत्या, त्या पायऱ्यांवर ते थांबले अन् हवेत पाय फिरवत राहिले. तेव्हा पप्पानं एका बाजूनं धरलं, मोठेबाबानं दुसऱ्या बाजूनं. सकाळी भांडलेले दोघं भाऊ बापाले उचलल्यासारखं गाडीपर्यंत घेऊन गेले, अन् गल्लीतले लोक दारात येऊन पाहत होते.

दीप्ती पिशवी घेऊन मागून गेली. पिशवी त्यांच्या पायाजवळ ठेवली. आत्या बाहेर आलीच नव्हती.

"दीप्ती हाये का?"

"हाव आबाजी. इथंच आहे."

"तुले कधी समजलं होतं? आज?"

तिले खोटं बोलता आलं असतं. "आठ दिवस झाले," ती म्हणाली.

आबाजीनं मान हलवली. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. राग असता तर बरं झालं असतं.

"आठ दिवस," ते म्हणाले. "आठ दिवस तर मी इथंच होतो ना वं. दुपारी सिंधू झोपे, तुझा बाप कामावर, मी एकटाच राहो. तू येऊन नुसतं म्हणायचं होतं, आबाजी, तुम्हाले दिसत नाही. मी उठलो असतो. खरंच सांगतो, मी स्वतःच उठलो असतो. काहून नाही आली?"

मोठेबाबानं गाडी सुरू केली. दीप्तीनं दार धरून ठेवलं होतं. अन् आबाजी उत्तराची वाट पाहत बसले होते, तिच्याकडे नाही, थोडं बाजूले, जिथं ती नव्हती तिथं पाहत.